पाणाड्याचा पंचनामा

औशाकडच्या आमच्या गावातले ते दोन खून कधीच उकलले नाहीत. संशय एका पाणाड्यावर होता. त्याच्याविरुद्ध होतं काय? खून झालेल्या दोन्ही शेतांत तो जमिनीखालचं पाणी पाहून गेलेला, आणि त्याच्या झोपडीत कुऱ्हाड सापडल्याचा पंचनामा. पंच मी. झोपडीत न जाताच मी सही केली होती. कोर्टानं त्याला सोडलं, गावानं नाही.

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात त्याच गावानं त्याला बोलावलं. त्यानं दाखवलेल्या जागी पाणी लागलं. खुनी म्हणणाऱ्यांची तहान भागवणाऱ्या त्या माणसाकडं मी बघतच राहिलो. मग बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, मी आत आलोच नव्हतो."

"ठावं हाय. दारात मीच हुतो की!" तो हसला. त्यानं विहिरीवरच्या गर्दीकडं बोट केलं. "मला काय सांगतूस? त्यास्नी सांग."

ते आज सांगतोय.