आम्ही खुलासा छापत नाही

साप्ताहिकात वीस वर्षं काढली की रद्दीपेक्षा किस्से जास्त साठतात. रद्दी निदान किलोवर जाते. किस्से कुणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

भोकरदनला आमचं चार पानांचं साप्ताहिक. संपादक आबा, मथळे माझे. आबांचे नियम दोन. पहिला, "प्रश्नचिन्ह टाका, मंग कुणाला भ्यायचं काम न्हाई!" दुसरा, "छापलं ते छापलं. आपण खुलासा छापत न्हाई."

*

एकदा मी लिहिलं, 'शर्टाच्या खिशात मोबाईल की हृदयाशेजारी बॉम्ब?' दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचे मोबाईल पँटच्या खिशात. पुढच्या अंकात पँटच्या खिशाची बातमी आली. तेव्हापासून आबा मोबाईल जेवणाच्या पिशवीत ठेवतात. त्यांनी फोन उचलला की शेजारच्याला लोणच्याचा वास येतो!

*

'फ्रीजमधलं अन्न की विष?' छापलं, तर एका वाचकाचा फोन.

"साहेब, बंद केला फ्रीज. आता त्यात काय ठेवू?"

आबा म्हणाले, "कपडे ठेवा."

चार महिन्यांनी पुन्हा त्याचाच फोन. "साहेब, बराबर सांगितलं तुम्ही. उंदीर लागत न्हाई कपड्याला!"

*

'मिक्सर घेतोय बळी?' या बातमीच्या अगदी खाली सेठजींच्या दुकानाची जाहिरात लागली. मिक्सरचीच! सेठजींच्या चार पिढ्या इथंच गेल्या. ते तणतणत आले.

"आबा, खुलासा छापा!"

"छापत न्हाई, सेठजी."

सेठजींनी जरा विचार केला. "मंग बातमी राहू द्या. फक्त खाली टाका, बळी घेणारा मिक्सर आमच्याकडं मिळत न्हाई."

टाकलं. जाहिरातीतच.

*

माझी बायको सुमन माझे मथळे कापून घरातल्या त्या त्या वस्तूवर चिकटवायची. मिक्सरवरच्या कात्रणाखाली तिनं लिहिलंय, 'लेखकाला चटणी यातलीच लागते.' ते कात्रण मी काढलेलं नाही.

*

गेल्या महिन्यात सुमनचं वर्षश्राद्ध झालं. शहागडहून मेहुणा आला होता. आबाही जेवायला होते.

देव्हाऱ्याशेजारी सुमनचा मोबाईल चार्जिंगला असतो. त्याची बॅटरी गेली आहे. पिन काढली की तो बंद पडतो, आणि पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. तिचा आवाज त्यातच आहे.

मेहुण्याचं तिकडं लक्ष गेलं. "दाजी, हा कधीपासून लावून ठेवलाय?"

"ती गेल्यापासून."

"काय दाजी! पेपरात आल्तं ना, 'रात्रभर चार्जिंग की घराची राख?' तुमच्याच पेपरात!"

मथळा माझाच होता. त्यानं बटणाकडे हात नेला.

आबांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"पाव्हणं, हात लावू नका. ती बातमी खोटी हाये."