आउट होणाऱ्या पोरीचा फेटा

अन्याय झाला तो सायलीवर. आमच्या कोल्हापूरच्या महिला बेसबॉल टीमची डावखुरी बॅटर. कधी झाला, तेही सांगते. रविवारी संध्याकाळी, साखळीतल्या शेवटच्या मॅचच्या शेवटच्या इनिंगमध्ये, सायली आउट होऊन परत येत होती तेव्हा. मैदान आमचं, माणसं आमची, आणि आमच्याच माणसांनी तिची हुर्यो उडवली. एकजण तर ओरडला, "ओ बाई, बॅट हाय का लाटणं?" सायलीची आई जयसिंगपूरहून पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती. ती पहिल्या रांगेत बसून हे सगळं ऐकत होती.

मी या टीमची मीडिया मॅनेजर. नाव मोठं आहे, काम पत्रकं काढायचं. त्याआधीही मी तेच करायचे. बसस्टॉपला शेड नाही, काढ पत्रक. मंडईत बायकांना स्वच्छतागृह नाही, काढ पत्रक. "जाहीर निषेध" हे दोन शब्द मी झोपेतही शुद्ध लिहू शकते. टीममधल्या पोरी मला पत्रकताई म्हणतात. प्रेमानं म्हणतात, असा माझा समज आहे.

तर निषेध करायची वेळ आली होती. पण कुणाचा, हे ठरवायला मला अख्खा दिवस लागला. ते का, हे समजायला आधी थोडा खेळ समजून घ्या. मलाही नोकरी लागल्यावरच समजला, तेव्हा लाजू नका.

मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणं असतात. पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि होम. बॅटर बॉल मारते आणि पहिल्या बेसकडे पळते. मग दुसरी बॅटर येते, ती मारते, पहिलीवाली पुढं सरकते. फिरत फिरत होमला पोचली की एक रन. पळणारीच्या आधी बॉल त्या बेसवर पोचला की ती आउट. तीन बॅटर आउट झाल्या की बॅटिंग संपली. बॉल थेट मैदानाबाहेर गेला की होमरन. आपल्या सिक्सरसारखं. कोल्हापूरला खेळातलं एवढंच लगेच कळतं, आणि माझं सगळं रामायण तिथंच सुरू झालं.

सीझनच्या सुरुवातीला आमच्या मॅचला माणूस फिरकत नव्हता. फुटबॉलला पेठाच्या पेठा लोटतात, आणि आमच्या गॅलरीत खेळाडूंचे नातेवाईक आणि शेंगदाणेवाला. टीमचे मालक आण्णा, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे व्यापारी. त्यांनी मला बोलावलं.

"पत्रकं काढतीस न्हवं? मग माणसं आण की."

"आण्णा, लोकांना खेळ समजत नाही."

"मला तरी कुठं समजतोय? मी पैसं घातलोय न्हवं? डोकं चालीव."

मी डोकं चालवलं. कोल्हापुरात माणसाचा मान करायचा म्हणजे फेटा बांधायचा. मंत्री आला, फेटा. पैलवान जिंकला, फेटा. नवीन गाडी घेतली तरी गाडीवाल्याला फेटा. मी पत्रक काढलं: "जी मारील मैदानाबाहेर, तिलाच मानाचा फेटा!" होमरन झाली की मॅच थांबवायची, फेटेवाल्या मामांनी तिथंच मैदानात फेटा बांधायचा, हलगी वाजवायची. पंचांनी कुरकुर केली. त्यांनाही एक फेटा बांधला.

माणसं आली. पुढच्या मॅचला उभं राहायला जागा नव्हती. आण्णांनी माझी पाठ थोपटली. मी मनातल्या मनात स्वतःवर एक अभिनंदनपर पत्रकही लिहिलं.

मग टीम हरायला लागली.

झालं असं, की प्रत्येक पोरीला फेटा पाहिजे होता. कोमलच्या आत्तीनं फोन केला, प्रतीक्षाच्या भावानं स्टेटस ठेवलं, "आज ताईचा फेटा फिक्स." मग जी ती डोळे मिटून बॅट फिरवायची. तीनदा बॉल हुकला की बॅटर आउट. आमच्या पोरी हुकवायच्या, आउट व्हायच्या, आणि पब्लिक टाळ्या वाजवायचं. कारण बॅट जोरात फिरली होती! वारा मस्त आला म्हणायचं आणि घरी जायचं.

कोच जाधव मॅडम वारणानगरच्या. तिथल्या शाळेत त्यांनी खेळाच्या शिक्षिका म्हणून कैक वर्षं काढली. त्या मला म्हणाल्या, "पत्रकताई, तुमचा फेटा माझ्या टीमच्या डोळ्यांवर आलाय."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते पत्रकासाठी लिहून घेतलं. अर्थाकडे लक्ष दिलं नाही.

आता त्या रविवारकडे येऊ. जिंकलो तर सेमीफायनल, नाहीतर घर. शेवटची इनिंग, दोन्ही टीमचे रन सारखे, बॅटिंग आमची. कोमल पहिल्या बेसवर उभी. बॅटिंगला सायली. पब्लिक ओरडतंय, "फेटा! फेटा!" मामा फेट्याचं कापड घेऊन उभेच. आणि सायलीनं बॅट फिरवलीच नाही. बॅट आडवी धरली, बॉलला नुसती टेकवली. बॉल दोन पावलांवर टपकन पडला. याला बंट म्हणतात. समोरची खेळाडू पळत आली, तिनं बॉल उचलून पहिल्या बेसला फेकला. सायली आउट. पण तेवढ्यात कोमल पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पोचली होती. सायली मुद्दाम आउट झाली होती. कोमलला पुढं काढण्यासाठी.

हुर्यो उडाली ती तेव्हा.

पुढच्या प्रतीक्षानं साधा, जमिनीलगतचा फटका मारला. कोमल दुसऱ्या बेसवर होती म्हणून एका दमात होमला आली. आम्ही जिंकलो. पब्लिक मैदानात. होमरन नव्हती, तरी आण्णांनी प्रतीक्षाला फेटा बांधायला लावला. आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, सेमीफायनलला त्या डावखुरीला बसवा. टीम मारायला काढलीया, टेकवायला न्हाय."

माइक माझ्याच मागणीवरून भाड्यानं आणला होता. आवाज लांब लांब जात होता.

सायली कोपऱ्यात बूट काढत होती. मी गेले, तर म्हणाली, "ताई, मी काय चुकलो? खूण आली, मी बंट केलो." आमच्याकडच्या पोरी चिडल्या की अशाच बोलतात, पोरांसारख्या. शेजारी तिची आई उभी होती. "पुरं झालं," आई म्हणाली. "हितं शिव्या खायाला लई लांबनं यावं लागतंय. घरी चल. बॅग भर."

माझं रक्त उसळलं. सोमवारी सकाळी मी पत्रक लिहायला बसले. मथळा: "सायलीचा बळी कुणी घेतला?" पहिल्या मसुद्यात आरोपी होते पंच. मग लक्षात आलं, पंचांनी काहीच केलं नव्हतं. ते फेटा बांधून गप उभे होते. दुसऱ्या मसुद्यात आरोपी केलं मॅडमना. बंट करायला सांगितलं कुणी? मी तो मसुदा घेऊन तावातावानं त्यांच्याकडे गेले.

त्यांनी वाचला. चहा प्यायल्या. म्हणाल्या, "खूण मीच दिली. कान धरला म्हंजे बंट. सगळ्या टीममधी माझ्या कानाकडं बघणारी ती एकटीच उरलीया. बाकीच्या मामांच्या हातातल्या कापडाकडं बघत्यात."

"मग पब्लिकनं तरी..."

"पब्लिकला कुणी सांगितलं, मैदानाबाहेर मारील तिलाच मान?"

मी चहा प्यायले. 'तिलाच' हा शब्द माझा होता. त्यावर मी उद्गारचिन्हही दिलं होतं.

मंगळवार पेठेतला प्रेसवाला माझा जुना माणूस. त्याला फोन केला, आरोपी पुन्हा बदललाय म्हणून. तो म्हणाला, "ताई, एक कुणीतरी फायनल करा. आजवर तुमच्या पत्रकात आरोपी कधी कमी पडला न्हवता."

पत्रक थांबवलं. आण्णांच्या दुकानात गेले. सायलीची आई त्याच संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन जाणार होती.

"आण्णा, सायलीला खेळवा. आणि फेटा तिलाही बांधा."

"आउट झालेलीला फेटा? गावात तोंड दाखवू का नगं?"

"उसाची ट्रॉली चिखलात रुतली की काय करता?"

"ढकलतो की."

"ट्रॉली निघाली की ढकलणारा कुठं असतो?"

"चिखलात. तोंडावर."

"सायली तीच. कोमलची ट्रॉली तिनं काढली. आणि फेटा तुम्ही बांधला ड्रायव्हरला."

"ड्रायव्हरला कोण बांधतंय? आमी ट्रॅक्टरला हार घालतो," आण्णा म्हणाले. पण डोकं खाजवायला लागले. मग गल्ल्यावरच्या पोराला हाक मारून म्हणाले, "गाडी काढ, स्टँडवर जाऊया." माझ्याकडे वळून म्हणाले, "एक मॅच. फेटा कुणाला, ते मॅडम ठरवतील. मॅच संपल्यावर. आणि हरलो तर तुझी नोकरी..."

"तोंडावर, चिखलात. समजलं."

स्टँडवर आण्णा सायलीच्या आईला काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलत होते. सायली मात्र बॅग घेऊन परत आली.

मग मी खरं पत्रक काढलं. बंट म्हणजे काय, मॅडमची कान धरायची खूण काय, सगळं ट्रॉलीच्या चित्रासकट. खाली मोठ्या अक्षरात: "बंट करणारीला टाळी! आउट झाली तरी टाळी!" गावभर वाटलं. बेसबॉलवर एवढं मन लावून आजवर कुणी लिहिलं नसेल. निदान मंगळवार पेठेत तरी.

सेमीफायनलला मैदान भरलं. सायलीची आई पुन्हा पहिल्या रांगेत. दोन बेसवर आमच्या पोरी उभ्या असताना सायली बॅटिंगला आली. आणि सगळी गॅलरी उठून ओरडायला लागली, "बंट! बंट! बंट!" हलगी सुरू. एकानं तर मॅडमकडे बघून स्वतःचा कान धरून दाखवला.

बंटची सगळी मजा अशी की ती येणार हे समोरच्याला कळता कामा नये. हे मी पत्रकात लिहायला विसरले होते.

समोरच्या टीमच्या पोरी काय बहिऱ्या नव्हत्या. त्या चार पावलं पुढं सरकून सायलीच्या तोंडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. सायलीनं बॅट आडवी धरली, आणि ऐनवेळी मागं घेऊन बॉल त्यांच्या डोक्यावरून मारला. दोन रन. गॅलरी वेडी झाली. मी शेजारच्याला सांगितलं, "हे सगळं ठरवूनच केलंय."

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं मागं होतो. कोमल पहिल्या बेसवर, सायली बॅटिंगला. आता मात्र खरोखरची बंट पाहिजे होती. मॅडमनी कान धरायच्या आधीच गॅलरीनं "बंट! बंट!" सुरू केलं. मी हात हलवून गप्प बसा म्हणत होते. लोकांना वाटलं, मी जोर वाढवा म्हणतेय. सायलीनं बंट केली, अगदी पुस्तकात असते तशी. पण समोरची पोरगी आधीच तिथं उभी होती. बॉल उचलला, दुसऱ्या बेसला फेकला, तिथून पहिल्याला. कोमल आउट, सायली आउट. पुढची बॅटरही आउट. सीझन संपला.

मी आण्णांकडे बघायचं टाळलं.

सायली मान खाली घालून परत येत होती. आणि गॅलरी उभी राहिली. टाळ्या. अगदी मागच्या रांगेपर्यंत टाळ्या. लाटणं म्हणून ओरडलेला बाबाही टाळ्या वाजवत होता, मी बघितलं. पत्रकात लिहिलं होतं ना, आउट झाली तरी टाळी. माणसांनी ते तंतोतंत पाळलं होतं. मॅडमनी मामांना बोट दाखवलं. फेटा सायलीला. हरलेल्या मॅचमध्ये, आउट झालेल्या पोरीला. हलगीवाला क्षणभर गोंधळला, मग त्यानंही वाजवलं.

सायलीची आई माझ्याजवळ आली. "हरल्यावर टाळ्या?" ती म्हणाली. "तुमचं गाव येडं हाय." मग फेट्याचा सुटलेला शेमला खोचायला पोरीकडे गेली.

आण्णांनी नोकरी ठेवली. म्हणाले, "तू माणसं आणतीस, ते बरं. फक्त त्यांना काय सांगू नगंस."

ते मला जमणार नाही. म्हणून तुम्हाला शेवटचं सांगते. पुढच्या सीझनला मैदानावर या. त्या रविवारी हुर्यो उडवायला तुम्ही होतात, तर पहिल्या रांगेत बसा. सायली बॅटिंगला आली की बॉल पडेपर्यंत तोंड बंद ठेवा. ती आउट झाली की उठून टाळी वाजवा. क्रम चुकवू नका.