टवका उडालेला राजा

गंजिफांची, जुन्या रंगीत पत्त्यांची, पेटी उघडली की अजून लाखेचा वास येतो. "आजी, ही गोल पानं कुणाची गं?" नातीने आज विचारलं, आणि मी फणसवाडीच्या चाळीतल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

प्लेग आला होता. सासूबाईंना हलवणं शक्य नव्हतं. आम्हा दोघी जावांपैकी एकीला मागे राहायचं होतं.

"राजा ओढेल ती गावी जाईल. आधी तू," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

राजाच्या पानाच्या कडेचा टवका उडाला होता, हे मला ठाऊक होतं. पालथ्या पानांतून मी तेच पान उचललं.

"नशीब काढलंस हो," त्या हसल्या. मी मान वर केली नाही. महिनाभरात त्या प्लेगनं गेल्या.

त्यांना फसवलं, असंच मी आजवर समजत होते. आज नातीला उत्तर देता देता लक्षात आलं. पानं त्यांचीच, माहेराहून आणलेली. टवकाही लहानपणी त्यांच्याच हातून उडालेला.

तरी म्हणाल्या, "आधी तू."