एजंटला समजावणाऱ्या मावशी

मावशी लिहिलेलं डोळ्यांनी तपासत नसत, कानांनी तपासत. खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वाच." मी वाचायचे. एखाद्या वाक्याशी त्यांची भुवई हलली की ते वाक्य गेलंच म्हणून समजावं. लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या छोट्या कंपनीत बाकी सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. मावशी म्हणणारी मी एकटी, कारण तिथे मराठी आम्ही दोघीच.

त्या मूळच्या वर्ध्याच्या. लग्नानंतर लखनौला आल्या, आणि इथल्या एका संशोधन संस्थेत यंत्रं कशी चालवायची याच्या सूचना लिहिता लिहिता निवृत्त झाल्या. यजमान गेल्यावर घर खायला उठायला लागलं, म्हणून आमच्याकडे आल्या. आमचं सॉफ्टवेअर ग्राहकांच्या सर्व्हरवर नजर ठेवतं आणि काही बिघडलं की इशारा देतं. त्याची माहितीपुस्तिका मी लिहायचे. पुढे ती एआय एजंटांनाही द्यायची ठरली, म्हणजे इशारा आला की पुस्तिका वाचून स्वतःच दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामांना. मॅनेजर म्हणाले, मशीनच वाचणार आहे, आहे तेच देऊन टाका. मावशींना ते पटलं नाही. "माणसाला कळलं नाही तर तो शेजारच्याला विचारतो," त्या म्हणाल्या. "याला शेजारी नाही. हा अंदाज करेल आणि मोकळा होईल."

कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

चाचणीसाठी निशातगंजमधली एक पॅथॉलॉजी लॅब तयार झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा सर्व्हर भरून गेला आणि इशारे सुरू झाले. माझ्या पानावर लिहिलं होतं, इशारे थांबवायचे असतील तर ही आज्ञा द्या. एजंटने ती दिली. इशारे थांबले, बिघाड तसाच राहिला. सकाळपासून दुपारपर्यंत तिथे एकही रिपोर्ट निघाला नाही, आणि आमच्याकडे सगळं शांत.

कळल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर मावशी पर्स घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, चल, जाऊन येऊ. दुरुस्ती ऑफिसातली मुलं करत होती, तिथे आमचं काहीच काम नव्हतं. तरी ई-रिक्षा करून त्या मला लॅबमध्ये घेऊन गेल्या. बाकड्यावर एक बाई बसली होती. वडिलांचं ऑपरेशन त्या रिपोर्टवाचून अडलं होतं, आणि काउंटरवर विचारून विचारून तिचा आवाज बसला होता. मावशी तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गलती हमारी है, बेटा. जब तक रिपोर्ट नहीं निकलती, हम यहीं बैठे हैं."

बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा केली. रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. परतताना मावशी चुकीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुस्तिका पहिल्या पानापासून लिहायला घेतली. काय करावं याच्या आधी काय करू नये. मग काम खरंच झालं की नाही ते कसं पाहायचं, आणि कुठे थांबून माणसाला बोलवायचं. 'शंका असल्यास' असं मी लिहिलं की त्या विचारायच्या, "शंका आहे हे त्याला कसं कळणार? मोजता येईल असं लिही." मी लखनौतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून उत्तर हिंदीच यायचं. मावशींनी त्यावरून कधी टोकलं नाही. एकदा मात्र एका ओळीवरून आमचं चांगलंच जुंपलं आणि मी चक्क मराठीत म्हणून गेले, "नाही मावशी, हे असंच राहू द्या." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि ती ओळ राहू दिली.

पुस्तिका पूर्ण होईतो त्यांची नजर फार अधू झाली होती. नागपूरचा मुलगा न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना सुनेसाठी चिकनकारीची साडी घ्यायची होती, म्हणून आम्ही चौक बाजारात गेलो. दुकानदार साड्या उलगडत होता, मी रंग सांगत होते, त्या बोटांनी भरतकाम चाचपत होत्या. मध्येच हात थांबला. "मुलाच्या घरी सगळं आहे गं," त्या म्हणाल्या. "मी तिथे दिवसभर काय करू, तेवढं कळत नाही."

मी म्हटलं, आराम करा मावशी, खूप केलंत.

नागपूरला जाऊन वर्ष व्हायच्या आत त्या वारल्या. तोवर दर रविवारी मी फोन करायचे. तब्येत विचारायचे, औषधं विचारायचे. "तिकडे काय चाललंय?" त्या विचारायच्या, आणि मी सांगायचे, सगळं छान आहे, तुम्ही काळजी करू नका. खरं तर त्या दिवसांत मी नवी पानं लिहीत होते आणि रोज कुठेतरी अडत होते. फोन हातात असताना नुसतं म्हणायचं होतं, मावशी, एक पान वाचते, ऐकता का? एकदाही म्हटलं नाही. त्यांना त्रास नको, असं मला वाटत होतं.