चिनी घुमटाची उत्तरेची भिंत

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांचा शेवट ‘तेव्हापासून माझा विश्वास बसला’ असा होतो. माझा बसलेला नाही. पण बाहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी जे झालं, त्याचा अर्थही मला लागलेला नाही. त्यावरून मला वेड्यात काढणारे दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून हे लिहितो आहे. सावकाश लिहितो, कारण त्यात माझ्या बहिणीचं नाव गुंतलंय.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नगरला मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. लग्न केलं नाही. दर रविवारी सकाळी ती आणि मी जुनं नगर मोजायला निघायचो. हो, मोजायलाच. झेंडीगेटपासून कोटल्यापर्यंत, पुढे बागरोजा, दमडी मशीद, फराहबक्ष महालाची पडझड, आणि ज्यांना नावही उरलेलं नाही असे घुमट, हौद, कमानी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “निघाल्या मास्तरीणबाई, कबरींना झबली शिवायला.” ताई हसून म्हणायची, “माप तर घेऊ द्या आधी.”

शंभर फुटी कापडी टेप होती, चामड्याच्या डबीतली, टोकाला पितळी कडी. कडीचं टोक ताई धरायची. मी डबी घेऊन दुसऱ्या कोपऱ्याशी जायचो आणि आकडा वाचून लिहायचो. तिचं म्हणणं असं की वाचणं कुणालाही येतं, धरणं अवघड. कडी नेमकी कोपऱ्याच्या धारेवर हवी, टेप कंबरेच्या उंचीवर सरळ हवी. खाली दगडधोंड्यांवर टेकली की ती वरखाली होते आणि माप वाढतं. कबरींपाशी ओरडायचं नाही हा तिचा नियम. म्हणून आमची खूण ठरलेली होती. तिने टेपला दोन हलके झटके दिले की ‘धरलंय, वाच’. मी एक झटका दिला की ‘सोड’. तीन वर्षं आम्ही असं काम केलं. कित्येक रविवारी दोन-दोन तास आम्ही एकमेकांशी शब्दही बोललो नसू.

एकाहत्तरच्या श्रावणात ताई काविळीने गेली. छत्तीस वर्षांची होती.

तिच्या मागे दोनशे पानांचं हस्तलिखित राहिलं. मी ते पुण्याच्या एका मंडळाकडे छापण्यासाठी पाठवलं. वर्षभराने उत्तर आलं. परीक्षक म्हणून कुणी निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी सगळं पुस्तक एका घुमटावरून नाकारलं होतं.

तो चिनी घुमट. भिंगारच्या वाटेला, रस्त्यापासून थोडा आत. चीनशी त्याचा काही संबंध नाही. वरच्या पट्टीत निळ्या चकचकीत फरश्यांचे चार-दोन तुकडे उरले होते, चिनी मातीच्या बशीसारखे, म्हणून लोक त्याला चिनी म्हणायचे. दिसायला चौरस. पण ताईने लिहिलं होतं की तो चौरस नाही. दक्षिणेची भिंत अडतीस फूट दोन इंच, उत्तरेची चाळीस फूट तीन इंच. प्राध्यापकांनी लिहिलं, बांधणारे असा वाकडा चौक मांडत नाहीत, बाईंची टेप सैल धरली गेली असावी, आणि एका ठिकाणी असं असेल तर बाकीच्या मापांवर भरवसा कसा ठेवायचा?

ताईने टेप सैल धरली! मी ते पत्र आईला वाचून दाखवलंच नाही. पुन्हा मोजून पाठवायचं ठरवलं. बरोबर यायला वाचनालयातल्या सहकाऱ्याला विचारलं. (मी एका सार्वजनिक वाचनालयात कारकून आहे.) तो म्हणाला, कबरींचं काम आमच्याकडे चालत नाही. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. एकटाच गेलो, थोडासा रागानेच.

त्या साली दुष्काळ होता. घुमटाजवळच्या रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. पन्नास-साठ माणसं खडी फोडत बसलेली. घुमटाच्या ईशान्य कोपऱ्यापासून वीसेक पावलांवर एक पन्नाशीची बाई बसली होती, कोंडाबाई. पाथर्डीकडची. एरवी याच दिवसांत कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जाणारी. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून इकडे. मी टेप काढलेली पाहून तिने विचारलं,

“पाडनार हाय का काय, साहेब?”

मी म्हणालो, नाही, नुसतं मोजायचंय.

“मेलेल्याचं घर मोजून काय व्हनार? आमचं जित्याचं घर मोजायला कुनी येत न्हाई.”

बाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. मग तिला विचारलं, उत्तरेच्या भिंतीपुरतं जरा टोक धरशील का? तिने मुकादमाकडे नजर टाकली आणि नाही म्हणून मान हलवली. ढीग कमी भरला तर हजेरी अर्धी लागायची.

दक्षिण, पूर्व, पश्चिम या तीन भिंतींपाशी जमीन साफ होती. कडी कोपऱ्यात ठेवून तिच्यावर दगड ठेवायचा, दुसऱ्या कोपऱ्याशी जाऊन वाचायचं. तिन्ही मापं ताईच्या वहीतल्या मापांशी इंचाइंचाने जुळली. उत्तरेची राहिली. त्या बाजूला वरून ढासळलेल्या दगडांचा मांडीइतका ढीग आणि त्यात उंच निवडुंग माजलेला. एका कोपऱ्यातून दुसरा दिसत नव्हता. मी ईशान्य कोपऱ्यात कडी जमिनीवर ठेवली, तिच्यावर चांगला दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा दगड ठेवला आणि टेपची डबी भिंतीलगत ढिगावरून पलीकडे टाकून, निवडुंगाला वळसा घालून वायव्य कोपऱ्याशी गेलो. ढिगावरून टेप गेली की माप चुकणार, हे मला तिथे पोचल्यावर सुचलं. चूक माझीच. परत जाऊन काही उंच आधार करावा, असा विचार करत मी टेप हातात धरून उभा होतो.

तेव्हा टेपला दोन हलके झटके बसले.

दुपारचे अडीच वाजले होते. लख्ख ऊन, वारा पडलेला. पलीकडून हातोड्यांचे आवाज येत होते. मला भीती वाटली असं खोटं कशाला लिहू? काहीच वाटलं नाही. हाताला सवय होती, हाताने टेप कंबरेपाशी आणली, ताणली. ती ढिगाच्या वरून भिंतीलगत सरळ गेलेली होती, निवडुंगाला न टेकता. मी आकडा वाचला. चाळीस फूट तीन इंच. लिहिला. एक झटका दिला. टेप सैल झाली आणि मी ती गुंडाळली. कडी सरसर माझ्या हातात आली.

मग मात्र मला आठवलं. कडीवर दगड होता ना?

वळसा घालून पलीकडे गेलो. दगड होता तिथेच होता. त्याच्या कडेची धूळही विस्कटलेली नव्हती. मी कोंडाबाईला विचारलं, इथे आत्ता कोण आलं होतं? तिचं तोंड त्याच कोपऱ्याकडे होतं.

“कुनी न्हाई.”

“मग टेप कुणी धरली?”

“मला काय म्हाईत? कंबरंइतकी वर हुती, तानल्याली. मला वाटलं तुमीच कशाला तरी बांधली आसल.” आणि ती पुन्हा खडी फोडायला लागली. घाबरली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही.

इतकंच झालं. यापेक्षा जास्त काही मी पाहिलेलं नाही. कुणी दिसलं नाही, कसला वास आला नाही, हाक आली नाही.

घरी आईला सांगितलं, ती चूक झाली. आई लगेच म्हणाली, ताईचं काहीतरी राहिलंय, नारायणबळी करू. मी म्हणालो, “दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला होता. तू स्वतःच म्हणालीस, पोरीचं काही राहिलं नव्हतं. आता तुझंच शास्त्र तू मोडतेस?”  ते बोलायला नको होतं, हे आज कळतं. पण ताईला अडकलेला आत्मा ठरवून तिची शांत करायला मी तयार नव्हतो. ती जिवंतपणी कुठे अडकली नाही.

दुसरी बाजू वसंतरावांची. ते आमच्या शेजारी राहतात, गणिताचे शिक्षक आहेत. त्यांनी तासभर बसून मला समजावलं. टेप निवडुंगात अडकली असेल, सरडा आला असेल, दुःखात माणसाला भास होतात. मी विचारलं, सरडा टेप कंबरेइतकी उचलतो? निवडुंगात अडकलेली टेप इंचावर बरोबर माप देते? आणि भास मला झाला म्हणा, कोंडाबाईला कशाने झाला, तिचं कोण गेलं होतं? ते म्हणाले, खेड्यातली अडाणी बाई, तिच्या बोलण्यावर काय जायचं. त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं.

मी मापं मंडळाच्या छापील तक्त्यात भरून पाठवली. उत्तर यायला जूनचा शेवट उजाडला. त्याआधी महिन्याच्या सुरुवातीला मोठा पाऊस झाला होता आणि चिनी घुमटाची उत्तरेची भिंत पार बसली होती. पुन्हा मोजायला आता काही उरलेलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की प्राध्यापकांना नवी मापं विचारात घेता येतील, पुस्तकही पुढे नेता येईल. मात्र सोबत परत पाठवलेला तक्ता पूर्ण भरून हवा. तक्त्यात प्रत्येक मापापुढे दोन रकाने होते, वाचणारा आणि धरणारा. तीन भिंतींपुढे मी ‘कडीवर दगड ठेवला’ असं लिहिलं होतं, ते त्यांना चाललं. उत्तरेच्या भिंतीपुढे जागा मोकळी सोडली होती. तिथे नाव हवं होतं. बस्स, एक नाव!

पेरण्यांसाठी काम बंद होऊन माणसं गावाकडे निघाली होती. कोंडाबाई मला माळीवाड्याच्या स्टँडवर सापडली, बोचकं घेऊन बसलेली. का आलो ते तिला सगळं सांगितलं. ताईचंही. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “माझं नाव लिव्हा की मंग. मी धरली म्हना. कुठं अंगठा द्यायचा?”

“तू धरली नव्हतीस.”

“न्हवती धरली. पर मी हुते न्हवं तिथं? बुक व्हतंय बाईचं, व्हऊ द्या.”

तिने अंगठा पुढे केला होता. तक्ता माझ्या पिशवीत होता, शाईची डबीही. मी घेऊनच गेलो होतो... हे कबूल केलं पाहिजे. म्हणजे मनात ते होतंच. पण ताईने आयुष्यात एक इंच खोटा लिहिला नाही, आणि तिच्यावर आळ होता तो नेमका तोच. तिचं माप खरं ठरवण्यासाठी मीच तिच्या पुस्तकात पहिलं खोटं लिहायचं?

मी नको म्हणालो. कोंडाबाईने अंगठा पदराला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना.

“लई शिकल्याली मानसं लई हट्टी आसत्यात,” ती म्हणाली. तिची गाडी लागली, मी बोचकं वर चढवून दिलं.

ताईचं नाव लिहावं असंही कुणी सुचवलं. तेही लिहिलं नाही. ती होती हे मी पाहिलेलं नाही. मी रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’. मंडळाने हस्तलिखित परत पाठवलं. अशा नोंदीसह ते स्वीकारता येत नाही, असं दोन ओळींत कळवलं.

गेला हिवाळाभर मी ती दोनशे पानं स्वच्छ अक्षरात उतरवून काढली, बांधून घेतली आणि आमच्या वाचनालयात इतिहासाच्या कपाटात नोंदवून ठेवली. आजवर चौघांनी वाचायला नेली. वसंतरावांनी नेली नाही. चिनी घुमटाचं पान शेवटून तिसरं आहे. धरणारा कोण, हे मला अजूनही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर कळवावं, पण आत्मा आणि सरडा सोडून. माप चाळीस फूट तीन इंच आहे, आणि टेप सैल नव्हती.