बेळ्ळंदूरच्या बागेत आमचा धक्का

गेल्या गुरुवारी इथे बेंगळूरातच लेकीकडे बेळ्ळंदूरला गेले होते. मल्लेश्वरमहून बस बदलत बदलत, कारण ऑटोवाला मागेल ते द्यायला माझा हात होत नाही... तिच्या सोसायटीत नवीन बाग झालीय. तिथल्या दगडी बाकावर जरा टेकावं म्हटलं.

टेकता टेकताच उठले!

बाकाच्या कडेला मासा कोरलेला. शेपटी वर, तोंड खाली... आणि डोळ्याच्या जागी डांबराचा ठिपका. तो ठिपका लहानपणी माझ्या दादाने होडीच्या डांबराने लावलेला. "डोळाच नाही तर याला घर कसं दिसणार?" म्हणाला, आणि बाबांचा मार खाल्ला.

आमचं माहेर कोकणात, खाडीच्या तोंडाशी. पणजोबांच्याही आधीचा दगडी धक्का, त्यावरच कोरलेला हा मासा... होड्या तिथेच लागायच्या, मासळी तिथेच उतरायची. बाबा समुद्रावर निघताना या माशाला हात लावून तो कपाळाला लावायचे. त्याच माशावर आता एक जण बूट टेकवून फोनवर बोलत होता.

धक्का बसला म्हणतात ना... माझ्यासमोर तर धक्काच येऊन बसला होता!

लेक म्हणाली, "आई, असले मासे कुठेही असतील. हेरिटेज लुक म्हणून जुने दगड विकत मिळतात हल्ली."

दादाला फोन लावला. आपला धक्का जागेवर आहे ना रे?

"निम्माच आहे गो बाय. सिमेंटचा करतायत. काढलेले दगड भरावात टाकले म्हणाला ठेकेदार. उरलेले शनिवारी काढणार."

फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन, "डोळा अजून आहे गो!"

पर्समध्ये देवळातलं कुंकू होतं. दगड बाटलीतल्या पाण्याने धुतला, माशाला कुंकू लावलं. बाग झाडणारी अक्का जवळ आली, "याव देवरु अम्मा?" आता कोणता देव म्हणून सांगू? म्हटलं, "देवरु अल्ल अक्का, नम्म ऊर कल्लु." देव नव्हे, आमच्या गावचा दगड. "सरी," म्हणाली, आणि चपला काढून उभी राहिली...

दादाने तो फोटो गावभर दाखवला. शनिवारी ट्रक आला तेव्हा बायका टोपल्या घेऊन उरलेल्या धक्क्यावर ठाण मांडून बसलेल्या. एकीने ठेकेदाराला विचारलं म्हणे, "भराव बेंगळूरात घालतोस काय रे मेल्या?" ट्रक रिकामा परत गेला. पुन्हा येईलही... पण आता गाव जागं आहे.

मासा मात्र अजून लेकीच्या बागेतच. अक्का रोज त्याच्यापुढे मोगऱ्याचं फूल ठेवते, त्या बाकावर कुणी बसत नाही, असं लेक सांगते. अक्काने समुद्र कधी पाहिलेला नाही, आणि आमचा धक्का ती सांभाळतेय... देवा, तिला सुखात ठेव.