फिलूचा खर्ज

"हा बाप्या कोन?" जोकीमने विचारलं.

होडी लावून तो थेट पाचूबंदरच्या चर्चमागल्या हॉलमध्ये आला होता. आत माझ्या टेप मशीनवर त्याची बायको फिलू कुणा पुरुषासोबत गात होती. अख्खा गाव कौतुकाने ऐकत होता.

प्रश्न बिनतोड होता. गावातले गाते पुरुष इतके दिवस दर्यावर. किनाऱ्यावर उरलो आम्ही तिघे. फादरांवर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती. कॉयर, म्हणजे चर्चचा गानवृंद, शिकवणारे बस्त्याव मास्तर दम्याने बेजार. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. तेव्हा टेप मशीन नवंच निघालेलं. माझ्याकडे दोन होती, त्यामुळे मी स्वतःला लाटसाहेब समजत असे. मास्तरांना एका रेकॉर्ड कंपनीला हार्मनीचा नमुना पाठवायचा होता. हार्मनी म्हणजे चार गटांनी एकाच वेळी चार वेगळे सूर गायचे आणि ते एकमेकांत बसवायचे. पण मी पोचलो तेव्हा पुरुष समुद्रात आणि बायका बोंबील सुकवण्यात. एकटी फिलू आली.

"मला चारी सूर पाठ हायेत," ती म्हणाली.

पहिला सूर एका मशीनवर घेतला. तो वाजवला, त्याच्यासोबत तिने दुसरा गायला, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर भरले. मग तसाच तिसरा. दर खेपेला खरखर वाढत होती, पण गाणं उभं राहत होतं. अडलं खर्जावर. बाईचा गळा इतका खाली उतरेना. मग मी दोन्ही मशीन दुप्पट वेगाने लावली. आधीचे सूर चिमण्यांसारखे चिवचिवायला लागले. त्यांच्यासोबत फिलू खर्जाच्या ओळी घाईघाईने आपल्या नेहमीच्या आवाजात गायली. टेप पुन्हा साध्या वेगाने वाजवली, तर तिचा आवाज सप्तकभर खाली! चांगला भरदार पुरुष. फिलू हसून हसून खाली बसली.

हे सगळं मी जोकीमला समजावलं.

"म्हंजे माजी बायको बाप्यासारी गाते?"

"हो," मी म्हणालो. उत्तर खरं होतं, वेळ वाईट होती.

"फिलू, उद्यापासून कॉयर बंद!"

फिलूचा चेहरा पडला. गाण्याशिवाय तिला घराबाहेरचं दुसरं काहीच नव्हतं. मला जोकीमचा भयंकर राग आला. मी टेप दुप्पट वेगाने लावली. तो बाप्या वर चढत गेला आणि सगळ्यांच्या देखत फिलू झाला. हॉलमध्ये हशा पिकला.

जोकीम हसला नाही. "परत लाव. हळू."

त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. "खर्ज माजा हाय," तो शेवटी म्हणाला. कॉयरमध्ये खर्ज तोच गायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तू दर्यात होतास," फिलू म्हणाली.

मग त्याच्या हट्टाखातर खर्ज त्याच्या आवाजात पुन्हा भरला. मास्तरांनी दोन्ही टेपा ऐकल्या, दम घेतला आणि म्हणाले, "जोकीम, तू बरा गातोस. पन कंपनीला हीच धाडू." हातात फिलूची टेप होती.

"मंग खर्जाला नाव तरी माजं घाला!"

"चार नावं घाला, मास्तर," फिलू म्हणाली. "चारी माजीच."

फिलूचा कॉयर बंद झाला नाही. जोकीम मात्र पुढे होडीवर रियाज करायचा म्हणे. बायको परक्या पुरुषासोबत गायली, हा संशय मला एका बटणाने घालवता आला. ती नवऱ्याहून चांगला खर्ज लावते, यावर मात्र आमच्या धंद्यात अजून इलाज निघालेला नाही.